श्रेणी विरलनाचा गुणांक नेमका कसा धरावा? एकाच प्लेटवरून तीन वेगळी उत्तरे

काळीमाती – प्रश्न

नमस्कार. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लातूर जिल्ह्यातल्या आमच्या भागात खरिपात जिकडे तिकडे सोयाबीनच असते, म्हणून प्रकल्पासाठी मी सोयाबीनच्या रायझोबियम (मुळांवरच्या गाठींत राहून पिकाला हवेतला नत्र मिळवून देणारा जिवाणू) जिवाणू खताची तपासणी हा विषय घेतला. पाकिटातल्या एक ग्रॅम भुकटीत जिवंत जिवाणू किती आहेत हे मोजायचे आणि ते खत नियंत्रण आदेशातील मर्यादेत बसतात का हे पाहायचे, एवढेच पहिल्या टप्प्यातले काम आहे. वाहकात, म्हणजे जिवाणू धरून ठेवणाऱ्या भुकटीत, मिसळलेल्या रायझोबियम खतासाठी ही मर्यादा दर ग्रॅमला किमान ५ कोटी जिवाणू अशी आहे.

मी केले ते असे. लिग्नाइटमध्ये मिसळलेल्या खताची १० ग्रॅम भुकटी १०० मिली निर्जंतुक पाण्याच्या फ्लास्कमध्ये घालून ती अर्धा तास शेकरवर हलवली आणि त्या फ्लास्कवर ‘उणे एक’ (दहाचा उणे एक घात, म्हणजे दहापट विरळ) असे लिहिले. त्यातले १ मिली ९ मिली पाण्याच्या नळीत घातले, ती ‘उणे दोन’. तिच्यातले १ मिली पुढच्या नळीत घातले, ती ‘उणे तीन’. असे पायरीपायरीने विरळ करत, म्हणजेच श्रेणी विरलन करत, ‘उणे सहा’पर्यंत गेलो. शेवटच्या नळीतले प्रत्येकी ०.१ मिली द्रावण काँगो रेड हा रंग घातलेल्या यीस्ट एक्स्ट्रॅक्ट मॅनिटॉल आगर या जिवाणू वाढवायच्या माध्यमाच्या तीन प्लेटांवर पसरवले. सोयाबीनचा रायझोबियम सावकाश वाढतो, म्हणून सात दिवस थांबून मोजणी केली. तीन प्लेटांवर ३८, ४२ आणि ४६ वसाहती (जिवाणू वाढून डोळ्यांना दिसणारे ठिपके) आल्या, म्हणजे सरासरी ४२.

अडचण इथून सुरू होते. मी ४२ ला १० लाखांनी गुणले आणि ४.२ कोटी हे उत्तर काढले, म्हणजे पाकीट नापास. प्रयोगशाळेतल्या माझ्या सहाध्यायी मैत्रिणीने त्याच आकड्यांवरून ४२ कोटी काढले, म्हणजे पाकीट मर्यादेच्या आठपटीहूनही वर. आमच्या मार्गदर्शक सरांनी वही पाहिली, समासात पेन्सिलीने ४६.२ कोटी असे लिहिले आणि ते कसे आले हे आम्हीच शोधावे असे सांगितले. त्यात भर म्हणजे एका वरिष्ठ विद्यार्थ्याचे म्हणणे असे की १:१० याचा अर्थ एक भाग नमुना आणि दहा भाग पाणी, त्यामुळे नळीत ९ नव्हे तर १० मिली पाणी हवे होते आणि माझी सगळी मालिकाच चुकलेली आहे.

वसाहतींना विरलन गुणांकाने गुणावे आणि प्लेटवर घातलेल्या आकारमानाने भागावे, हे सूत्र मला पाठ आहे. परीक्षेत मी ते अनेकदा बरोबर लिहिलेही आहे. परंतु गुणांक फ्लास्कचा धरायचा, नळीचा धरायचा की प्लेटचा, आणि ०.१ मिलीचा हिशेब त्यात आधीच आलेला असतो की नसतो, हे मला खरोखर समजलेले नव्हते, असे या प्रसंगाने लक्षात आले. केवळ बरोबर उत्तर न सांगता विचार कसा करायचा ते कोणी समजावून सांगितले तर फार उपकार होतील. एका पाकिटाचा निकाल यावर अवलंबून आहे आणि चुकीचा निकाल माझ्या हातून जाऊ नये असे मनापासून वाटते.

संवर्धक – उत्तर

जिवाणू खतांच्या तपासणीचे काम मी बरीच वर्षे केले आहे आणि नव्याने आलेल्या प्रत्येक मुलामुलीला ही अडचण पहिल्या महिन्यात येते, तेव्हा मनाला लावून घेऊ नका.

सूत्र थोडा वेळ बाजूला ठेवा आणि एकच प्रश्न विचारा: ज्या प्लेटवरच्या वसाहती मी मोजल्या, त्या प्लेटवर मूळ भुकटीचा नेमका केवढा भाग पडला? तो भाग एकदा कळला की वसाहतींना त्याने भागायचे, बाकी काही करायचे नाही. समजा प्लेटवर एक ग्रॅमचा एक कोटीवा भाग पडला आणि तेवढ्यातून ४२ वसाहती उगवल्या, तर पूर्ण ग्रॅममध्ये ४२ कोटी असणार. विरलन गुणांक म्हणजे याच अपूर्णांकाचे उलटे रूप आहे.

आता पाणी ९ मिली की १० मिली, हे घ्या. एक वाटी दही नऊ वाट्या पाण्यात घुसळले तर दहा वाट्या ताक होते आणि त्यातल्या प्रत्येक वाटीत दह्याचा दहावा हिस्सा येतो. तेच दही दहा वाट्या पाण्यात घुसळले तर ताक अकरा वाट्या होते आणि वाटीत अकरावा हिस्सा येतो. गुणांक काढताना भागायचे ते एकूण आकारमान, नुसते पाणी नव्हे. एकूण आकारमान भागिले घातलेला नमुना, म्हणजे १ मिलीत ९ मिली मिळवल्यावर १० भागिले १, गुणांक दहा. तुमच्या नळ्या बरोबर आहेत. वरिष्ठांनी सांगितल्याप्रमाणे तुम्ही पाचही नळ्यांत १० मिली घेतले असते तर प्रत्येक पायरीला अकराचा गुणांक आला असता आणि पाच पायऱ्यांनंतर १ लाखाऐवजी १,६१,०५१ पट विरलन झाले असते. तेही चुकीचे नाही, फक्त मग गुणायचे १,६१,०५१ ने. नळीवर ‘उणे सहा’ लिहून आणि हिशेबात दहाचे घात धरून चालले नसते.

मात्र नेमकी हीच गोष्ट तुमच्या फ्लास्कमध्ये घडली आहे. १० ग्रॅम भुकटी १०० मिली पाण्यात घातली म्हणजे एकूण वजन ११० ग्रॅम झाले आणि गुणांक अकराच्या आसपास गेला. ‘उणे एक’ म्हणायचे असेल तर १० ग्रॅम ९० मिलीत घालायला हवे होते. भुकटीने व्यापलेली जागा आणि तिने शोषलेले पाणी यांमुळे हा अकरा काटेकोर नसतो, परंतु दहापेक्षा तो वास्तवाच्या नक्कीच जवळ आहे.

आता तुमच्या प्लेटपर्यंतचा प्रवास क्रमाने पाहू. फ्लास्कमधल्या १ मिलीत एक ग्रॅमचा अकरावा भाग आहे. पुढे दहापट विरलनाच्या पाच नळ्या आहेत, म्हणजे ‘उणे सहा’ असे लिहिलेल्या नळीतल्या १ मिलीत ग्रॅमचा ११ लाखावा भाग आहे. तुम्ही मात्र त्यातले १ मिली घेतलेले नाही, ०.१ मिली घेतले. म्हणून प्लेटवर पडला तो ग्रॅमचा १ कोटी १० लाखावा भाग. ४२ गुणिले १ कोटी १० लाख म्हणजे ४६.२ कोटी. सरांच्या पेन्सिलीचा आकडा इथून आला. मैत्रिणीने ०.१ मिली लक्षात घेतले, फ्लास्कचा अकरा घेतला नाही, म्हणून तिचे उत्तर ४२ कोटी. तुमच्याकडून दोन्ही सुटले आणि त्यातले ०.१ मिलीचे सुटणे फार महाग पडले, कारण त्याने उत्तर दहापट खाली आणले.

गोंधळाचे एक मूळ लेबलांत आहे, आणि त्याबद्दल मला थोडे आग्रहाने सांगायचे आहे. नळीवरचे लेबल नळीचे असते. काही प्रयोगशाळांत ०.१ मिली पसरवलेल्या प्लेटवर आणखी एक घात वाढवून लिहितात, म्हणजे ‘उणे सहा’च्या नळीतून आलेल्या प्लेटवर ‘उणे सात’ लिहितात. काही ठिकाणी प्लेटवर नळीचाच आकडा राहतो आणि ०.१ ने भागणे हिशेबात येते. दोन्ही रीती चालतात, परंतु एकाने एका रीतीने लिहायचे आणि दुसऱ्याने दुसऱ्या रीतीने वाचायचे असे झाले की दहापट चूक ठरलेली. ‘उणे सात’ लिहिलेल्या प्लेटला पुन्हा ०.१ ने भागून दहापट फुगलेला आकडा काढलेला मी अनेकदा पाहिला आहे. म्हणून मी मुलांना वहीत घात लिहूच देत नाही. प्रत्येक पायरीसमोर ‘काय घातले’ आणि ‘एकूण किती झाले’ असे दोन आकडे लिहायला लावते. घात शेवटी आपोआप निघतो.

दहापट चुकीचा शेतातला अर्थ काय, तेही सांगते. बीजप्रक्रियेसाठी १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम खत लावतात, म्हणजे किलोला २५ ग्रॅम. सोयाबीनच्या शंभर दाण्यांचे वजन १२ ग्रॅमच्या आसपास धरले तर किलोत आठ हजारांहून थोडे अधिक दाणे बसतात. ग्रॅमला ५ कोटी जिवाणू असतील तर दाण्यामागे साधारण दीड लाख येतात. सोयाबीनसारख्या मोठ्या दाण्यावर एक लाखाच्या पुढे जिवाणू असावेत अशी अपेक्षा असते, त्यामुळे ही मर्यादा काही उगाच ठरलेली नाही. खत प्रत्यक्षात दहापट कमी असेल तर दाण्यावर पंधरा हजारच पोहोचतात, आणि त्यांना लिग्नाइटपेक्षा पुष्कळ कठीण परिस्थितीत, तापलेल्या मातीत आणि तिथल्या मूळच्या जिवाणूंच्या गर्दीत तग धरायचा असतो. चूक उलट दिशेने झाली तर चांगल्या खताचा साठा विनाकारण परत जातो. दोन्ही वेळा नुकसान होते ते पेरणीच्या दिवसांत.

रक्तद्रव – उत्तर

संवर्धक ताईंनी मूळ गोष्ट फार स्वच्छ सांगितली आहे. मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे आणि १:१० या खुणेबद्दल थोडी भर घालतो, कारण वरिष्ठ विद्यार्थ्याचे म्हणणे अगदीच निराधार नाही.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत कोणी १:१ हायड्रोक्लोरिक आम्ल म्हणाले तर त्याचा अर्थ एक भाग आम्ल आणि एक भाग पाणी असा होतो, म्हणजे दुप्पट विरलन. तिथे विसर्गचिन्हासारख्या त्या दोन टिंबांच्या दोन बाजूंना दोन वेगळे घटक असतात. आमच्या रक्तद्रवाच्या तपासण्यांत मात्र १:२० म्हणजे एकूण वीस भागांत एक भाग रक्तद्रव; तिथे उजवीकडचा आकडा एकूणाचा असतो. खूण तीच, अर्थ दोन. दहाच्या ठिकाणी हा फरक एक दशांशाचा वाटतो, पण दुप्पट विरलनाच्या मालिकेत तो सहन होत नाही: १:२ याचा अर्थ एकाने एकूण दोन असा घेतला आणि दुसऱ्याने एकात दोन मिळवणे असा घेतला, तर एकाची पायरी दुपटीची आणि दुसऱ्याची तिपटीची होते. म्हणून मी लिहिताना ‘१ मिली + ९ मिली’ असेच लिहितो.

नळीतल्या आणि अंतिम विरलनातला जो फरक तुम्हाला प्लेटबाबत छळतो आहे, तोच आम्हाला विडाल तपासणीत रोज भेटतो. टायफॉइडसाठी १८९६ पासून वापरात असलेली ही तपासणी नळीपद्धतीने करताना पहिल्या नळीत ०.१ मिली रक्तद्रव आणि ०.९ मिली सलाइन घेतले की १:१० होते. त्यातले ०.५ मिली दुसऱ्या नळीतल्या ०.५ मिली सलाइनमध्ये घातले की १:२०, मग १:४०, १:८० अशी दुपटीची मालिका तयार होते, आणि प्रत्येक नळीत ०.५ मिली द्रव उरतो. पण काम इथे संपत नाही. प्रत्येक नळीत ०.५ मिली प्रतिजनही (टायफॉइडच्या मारलेल्या जिवाणूंचे द्रावण) घालायचे असते आणि ते घातल्याबरोबर नळीतले एकूण आकारमान दुप्पट होते. म्हणजे १:१० ची नळी १:२० झाली, १:८० ची १:१६० झाली. अहवालात लिहायचा तो हा शेवटचा आकडा.

शिकाऊ असताना मी स्वतः प्रतिजन घालण्याआधीचे आकडे नळ्यांवर लिहून ठेवले होते आणि गुठळी दिसलेल्या शेवटच्या नळीवरचे ८० वाचून तसा अहवाल तयार केला होता. खरा आकडा १६० होता. आमच्या वरिष्ठ बाईंनी सही करण्याआधी माझ्याकडून सगळी आकारमाने तोंडी म्हणवून घेतली, म्हणून ती चूक खोलीबाहेर गेली नाही. तेव्हापासून कोणतीही मालिका मांडली की शेवटी त्या नळीत आणखी काय पडणार आहे, हे मी आधी विचारतो. तुमच्या बाबतीत शेवटी काही पडत नाही, उलट शेवटी नळीतला थोडाच भाग बाहेर काढला जातो. पण हिशेब अंतिम ठिकाणाचा करायचा, हे दोन्हीकडे सारखेच आहे.

काळीमाती – प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

संवर्धक ताई आणि रक्तद्रव दादा, आपले मनःपूर्वक आभार. ‘प्लेटवर मूळ भुकटीचा केवढा भाग पडला’ या प्रश्नाने माझ्या डोक्यातले बरेच धुके गेले. काल रात्री मी वही पुन्हा दोन रकान्यांत लिहून काढली आणि ४६.२ कोटी हे उत्तर मला स्वतःहून मिळाले.

परंतु तसे लिहिताना ‘एकूण किती झाले’ या रकान्यात मी दरवेळी १० मिली लिहीत होतो आणि ते खरोखर १० होते का, अशी शंका आली. नळ्यांत ९ मिली पाणी मी ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) ठेवण्याआधी मोजून भरले होते. त्याच खेपेतल्या चार नळ्या वापराविना उरलेल्या होत्या. आज सकाळी त्यांतले पाणी मोजले तर ८.६, ८.८, ८.७ आणि ८.७ मिली भरले. एवढ्याशा फरकाने काही बिघडते का?

दुसरी गोष्ट मी आधी सांगितली नव्हती, कारण ती मला महत्त्वाची वाटली नव्हती. ‘उणे पाच’च्या नळीतूनही मी तीन प्लेटा घातल्या होत्या. ‘उणे सहा’वर ४२ असतील तर तिथे ४२० च्या आसपास वसाहती दिसायला हव्यात. प्रत्यक्षात २७१, २८८ आणि ३०५ दिसल्या, म्हणजे सरासरी २८८, आणि दोन्हींतले गुणोत्तर दहाऐवजी सातच्याही किंचित खाली. नळीचा गुणांक दहा असेल तर प्लेटा तसे का दाखवत नाहीत?

दूधसंकलन – उत्तर

उरलेल्या नळ्या मोजल्यात, हे फार चांगले केलेत. मी दुग्धप्रयोगशाळेत काम करतो. कच्च्या दुधातले जिवाणू मोजण्याची आमची रीत हीच आहे, आणि तिथे पावसाळ्यात मोठ्या संख्या आल्या की मालिका लांबते आणि असल्या बारीक गोष्टी मोठ्या होतात.

आधी ८.७ मिलीचे पाहू. १ मिलीत ८.७ मिळवले की एकूण ९.७, म्हणून पायरीचा गुणांक दहा नसून ९.७. एका पायरीत तीन टक्क्यांचा फरक कोणी मनावर घेणार नाही. पण मालिकेत गुणांक एकमेकांत मिळत नाहीत, ते एकमेकांनी गुणले जातात. ९.७ ला स्वतःनेच गुणत पाच पायऱ्या गेलात की १ लाखाऐवजी सुमारे ८५,९०० येतात, म्हणजे चौदा टक्क्यांची घट. फ्लास्कचा अकरा आणि प्लेटचा दहा धरून तुमच्या प्लेटवर ग्रॅमचा साधारण ९४.५ लाखावा भाग पडला आणि ४६.२ कोटींचे उत्तर ३९.७ कोटींवर आले. फ्लास्कमधल्या जास्तीच्या पाण्याने उत्तर जेवढे वर नेले होते, त्याहून थोडे अधिक नळ्यांतल्या कमी पाण्याने खाली आणले. दोन चुकांनी एकमेकींना झाकले, म्हणूनच मैत्रिणीचे ४२ कोटी आता इतके जवळचे दिसते. पण तो योगायोग आहे, पुढच्या वेळी तो भेटेलच असे नाही. आम्ही पाणी बाटलीत निर्जंतुक करतो आणि ते थंड झाल्यावर निर्जंतुक वातावरणात मोजून नळ्यांत भरतो. नळीतच निर्जंतुक करायचे असेल तर बाहेर आल्यावर ९ मिली उरेल इतके आधी जास्त भरावे लागते, आणि आमच्याकडे त्यात दोन टक्क्यांपेक्षा अधिक फरक आम्ही चालवून घेत नाही.

इथे एकाच दिशेने होणारी चूक आणि दोन्हीकडे झुलणारी चूक यांतला फरक ओळखणे फार आवश्यक आहे. हात कधी थोडे जास्त घेतो, कधी कमी. अशा दोन टक्क्यांच्या चुका पाच पायऱ्यांत एकमेकींना काही प्रमाणात खोडतात आणि शेवटी साडेचार टक्क्यांच्या आसपास राहतात. पण पिपेटच प्रत्येक वेळी दोन टक्के कमी सोडत असेल तर काहीच खोडले जात नाही आणि पाच पायऱ्यांनंतर नऊ ते दहा टक्क्यांचा फरक पडतो. यासाठीच मोठ्या संख्या मोजताना पायऱ्या कमी करण्याची एक रीत आहे: ९९ मिली पाण्याच्या बाटलीत १ मिली घातले की एका दमात शंभरपट विरलन होते आणि अशा तीन बाटल्यांत १० लाखांवर पोहोचता येते. चुकायची संधी निम्म्यावर येते.

आता तुमचे गुणोत्तर. याची कारणे दोन्ही टोकांना शोधावी लागतील. ‘उणे पाच’च्या प्लेटवर तीनशेच्या आसपास वसाहती म्हणजे मोजता येण्याच्या वरच्या सीमेवर आहात. आपण ३० ते ३०० ही मर्यादा पाळतो ती अशासाठी की वर गर्दी होते, वसाहती एकमेकींत मिसळतात आणि काही वाढतच नाहीत; रायझोबियमच्या वसाहती चिकट असल्यामुळे दोन शेजारच्या वसाहतींची एक होऊन बसणे फार सोपे असते. खालची ३० ची सीमा संख्याशास्त्राने घातलेली आहे. मोजलेल्या संख्येतली स्वाभाविक अनिश्चितता त्या संख्येच्या वर्गमुळाइतकी असते, त्यामुळे ३० वसाहतींत ती १८ टक्क्यांच्या आसपास आणि ३०० वसाहतींत ६ टक्क्यांच्या आत असते. तुमच्या तीन प्लेटा मिळून १२६ वसाहती आहेत, म्हणजे अनिश्चितता सुमारे ९ टक्के. तेवढ्याने गुणोत्तर दहावरून सातच्या खाली येत नाही.

म्हणून एक थेट प्रश्न विचारतो आणि त्यात दोष देण्याचा हेतू नाही: पहिल्या नळीपासून शेवटच्या नळीपर्यंत तुम्ही एकच पिपेट वापरली का? दाट द्रावणातून विरळ द्रावणाकडे जाताना पिपेटच्या आतल्या भिंतीला पातळ थर चिकटून राहतो. समजा तो फक्त ०.०२ मिली आहे. तो आधीच्या, दहापट दाट नळीतला आहे, म्हणून त्यात पुढच्या नळीतल्या ०.२ मिलीइतके जिवाणू असतात. पुढच्या नळीतून तुम्ही १ मिली उचलता तेव्हा त्याच्याबरोबर हे २० टक्के जास्तीचे जातात, आणि हे प्रत्येक पायरीला घडते. दहाऐवजी आठ-नऊचे गुणोत्तर इतक्यानेच येऊ शकते, आणि वर गर्दीची घट मिळाली की सात. तसे असेल तर तुमच्या ४२ या आकड्यावरच विश्वास ठेवता येणार नाही, कारण विरलन नळीवर लिहिले आहे तेवढे झालेलेच नाही.

लिग्नाइटच्या भुकटीत आणखी एक गोष्ट असते. जिवाणू कणांना गुच्छाने चिकटलेले असतात आणि एका गुच्छातून एकच वसाहत उगवते. नळी नीट न ढवळता उचललेत तर कण तळाशी बसतात आणि वरचे विरळ पाणी तेवढे पुढे जाते. प्रत्येक नळी व्होर्टेक्सवर सारख्याच वेळ ढवळा, आणि ढवळल्याबरोबर उचला.

काळीमाती – प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

होय, मी काचेची एकच पिपेट शेवटपर्यंत वापरली होती. प्रत्येक नळीत ती एकदा वरखाली केली म्हणजे धुतली गेली, असे मी धरून चाललो होतो. आता सगळे पुन्हा करतो आणि प्लेटा मोजून झाल्यावर इथे कळवतो. तोवर वहीतल्या ४.२ कोटींच्या नोंदीवर ‘ग्राह्य नाही’ असे लिहून कारण नोंदवले आहे.

संवर्धक – उत्तर

जुनी नोंद खोडली नाहीत हे उत्तम. पुन्हा करताना त्याच पाकिटातली भुकटी आधी नीट कालवून मग १० ग्रॅम तोला, कारण तळाशी आणि तोंडाशी ओल सारखी नसते. काँगो रेडवर रायझोबियमच्या वसाहती पांढुरक्या, अर्धपारदर्शक राहतात आणि इतर पुष्कळ जिवाणू रंग शोषून लाल होतात. लाल वसाहती वेगळ्या मोजा, त्या बेरजेत येऊ देऊ नका. आदेशात एक लाखपट विरलनावर भेसळ दिसता कामा नये असेही म्हटले आहे आणि आम्ही ते नळीचे विरलन धरतो, तेव्हा ‘उणे पाच’च्या प्लेटा त्यासाठीही जपून पाहा.

काळीमाती – प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद, अकरा दिवसांनंतर

सर्वांना नमस्कार. पुन्हा केलेल्या मोजणीचा निकाल देतो.

या वेळी १० ग्रॅम भुकटी ९० मिली पाण्यात घेतली. नळ्यांत ९ मिली पाणी ऑटोक्लेव्हनंतर, थंड झाल्यावर भरले आणि एक जादा नळी मोजून पाहिली, ती ९.० भरली. प्रत्येक पायरीला नवे टिप लावले आणि प्रत्येक नळी तीस सेकंद ढवळली. ‘उणे पाच’च्या तीन प्लेटांवर २७७, २८४ आणि २९७ वसाहती आल्या, सरासरी २८६. ‘उणे सहा’वर ३०, ३२ आणि ३४ आल्या, सरासरी ३२. गुणोत्तर जवळपास ९ आहे. लाल वसाहत एकाही प्लेटवर नव्हती.

हिशेब ताईंच्या रीतीने केला. ‘उणे पाच’च्या प्रत्येक प्लेटवर ग्रॅमचा १० लाखावा भाग पडला, म्हणून तिथून २८.६ कोटी, ‘उणे सहा’च्या प्रत्येक प्लेटवर एक कोटीवा भाग पडला, म्हणून तिथून ३२ कोटी. सरांनी सुचवले की दोन उत्तरांची साधी सरासरी काढण्याऐवजी सगळ्या वसाहतींची बेरीज करावी आणि सहाही प्लेटांवर मिळून पडलेल्या भुकटीने तिला भागावे. एकूण वसाहती ९५४. भुकटी मोजली तर ‘उणे पाच’च्या तीन प्लेटांवर ग्रॅमचे तीन दशलक्षांश आणि ‘उणे सहा’च्या तीन प्लेटांवर त्याचा दहावा भाग, म्हणजे एकूण ३.३ दशलक्षांश. भागाकार २८.९ कोटी आला. अहवालात ग्रॅमला २९ कोटी असे लिहिले आहे. मर्यादा ५ कोटींची आहे, म्हणून पाकीट उत्तीर्ण.

पहिल्या खेपेचे ३९.७ कोटी आणि आताचे २९ कोटी यांतला फरक एकट्या पिपेटमुळे आला असे मी म्हणणार नाही. मधल्या दिवसांत पाकीट उघडे होते, त्यामुळे काही जिवाणू मेलेलेही असतील. ते वेगळे करून पाहण्यासाठी आज त्याच खेपेतले एक न उघडलेले पाकीट घेतले आहे आणि त्याच्या दोन मालिका शेजारी शेजारी लावल्या आहेत, एक नव्या टिपांनी आणि एक जुन्या रीतीने एकाच पिपेटने. प्लेटा २८ अंशांवर ठेवल्या आहेत.